मॅसेडोनियन आणि युक्रेनी स्थलांतरित : आर्थिकदृष्ट्या कोण जास्त सुस्थितीत?

सोनसळी (धागाकर्ती)

टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या मंडळींना हे दोन्ही समाज रोज भेटतात. बेकरीत, बांधकामावर, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत. माझं काम हिशेबाचं. कर भरण्याच्या दिवसांत दोन्हीकडची माणसं कागदपत्रांची पिशवी घेऊन समोर बसतात. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की यांच्यात जास्त सुखवस्तू कोण? इंटरनेटवर वांशिक गटांच्या उत्पन्नाच्या याद्या फिरत असतात. त्यातला एक आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला की लोक निकाल देऊन मोकळे होतात.

माझं म्हणणं आधीच मांडते. समाजाची समाजाशी तुलना करून काही हाती लागत नाही, लाटेची लाटेशी करावी लागते. कोण कधी आलं, कुठल्या कायद्याखाली आलं, आणि आल्यावर पहिल्या दहा वर्षांत त्यांना काय विकत घेता आलं, यावर पुढच्या तीन पिढ्यांचा हिशेब ठरतो.

मॅसेडोनियन लोकांचं परदेशी जाणं फार जुनं. पुरुषाने गाव सोडायचं, दोन-चार हंगाम राबायचं, पैसा घेऊन परत यायचं, याला ते 'पेचाल्बा' म्हणतात. आधी इस्तंबूल, बल्गेरिया, रुमेनिया. १९०३ चा इलिंडनचा उठाव ऑट्टोमन फौजांनी चिरडला, गावं जाळली, आणि त्यानंतर लोंढा अमेरिका-कॅनडाकडे वळला. इलिनॉयमधल्या ग्रॅनाइट सिटीचे पोलाद कारखाने, इंडियानातलं गॅरी, डेट्रॉइट आणि इथे टोरांटोतल्या ओतशाळा, कत्तलखाने, कातडी कमावण्याचे कारखाने. झेलेवो, ओश्चिमा अशा मोजक्या गावांमधून (ही गावं आज ग्रीसमध्ये आहेत) माणसं एकमेकांच्या मागोमाग आली. एका घरात पाळ्या लावून झोपायची. कारखान्यात आयुष्य काढायचं नाही, हे बहुतेकांनी लवकर ठरवलं. आधी बूटपॉलिशचं दुकान, मग किराणा, मग खानावळ. स्टीव्ह स्ताव्रो लहानपणी ग्रीक मॅसेडोनियातल्या गावातून इथे आले, 'नॉब हिल फार्म्स' ही किराणा दुकानांची साखळी उभी केली आणि शेवटी टोरांटो मेपल लीफ्स संघाचे मालक झाले. सिनसिनाटीची प्रसिद्ध चिली १९२२ मध्ये सुरू करणारे किराद्जीएफ बंधूही त्याच भागातले.

युक्रेनी लोकांची सुरुवात अगदी वेगळी. १८९१ मध्ये तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या गॅलिशियातल्या नेबिलिव गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेन्याक कॅनडात आले आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांच्यामागे सुमारे १,७०,००० लोक. सरकारला पश्चिमेकडचं गवताळ रान लागवडीखाली आणायचं होतं, म्हणून १० डॉलर फी भरून १६० एकर. म्हणजे मॅसेडोनियन माणूस मजुरीवर आला आणि युक्रेनी माणूस जमिनीवर. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटात काढला, पण तीन वर्षं जमीन कसली की सातबारा (आपल्या भाषेत) स्वतःच्या नावावर होणार होता.

त्यानंतरच्या लाटा मात्र एकमेकींना ओळखही दाखवणार नाहीत इतक्या निराळ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांतून आलेले डॉक्टर, शिक्षक, वकील. १९८९ नंतर धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली अमेरिकेत आलेली इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट ख्रिश्चन) कुटुंबं; सॅक्रामेंटोत त्यांची मोठी वस्ती आहे. सोव्हिएत युनियन फुटल्यावर आलेले अभियंते आणि प्रोग्रॅमर. आणि २०२२ नंतर युद्धातून निघालेल्या आया आणि त्यांची मुलं.

या सगळ्यांची सरासरी काढून 'युक्रेनी कुटुंबाचं उत्पन्न' म्हणून एक आकडा लिहिला, तर तो नेमक्या कोणत्या घराचा असतो?

आपली मतं वाचायला आवडतील.

---

बाभूळवन

धागा आवडला. दोन मुद्दे.

एक, मोजणीच कच्ची आहे. १९१० च्या आसपास आलेला मॅसेडोनियन माणूस कागदोपत्री तुर्क, बल्गेरियन, ग्रीक किंवा सर्ब झाला. टोरांटोतलं १९१० चं त्यांचं पहिलं चर्च मॅसेडोनो-बल्गेरियन नावानेच ओळखलं जातं. युक्रेनी माणसाची नोंद गॅलिशियन, रुथेनियन, ऑस्ट्रियन, कधी रशियन अशी झाली. आणि आज 'उत्तर मॅसेडोनियात जन्म' असं लिहिणाऱ्यांत अल्बेनियन भाषकही असतात, तर 'युक्रेनमध्ये जन्म' लिहिणाऱ्यांत ज्यू आणि रशियन भाषकही. जन्मदेश धरला तर एक चित्र, वंश धरला तर दुसरं.

दोन, आकारातला फरक. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत युक्रेनी मूळ सांगणारे १२.५ लाखांवर, मॅसेडोनियन मूळ सांगणारे ४०,००० च्या आसपास. अमेरिकेतही असंच व्यस्त प्रमाण. तिथलं वार्षिक सर्वेक्षण नमुन्यावर चालतं, त्यामुळे छोट्या गटाचा आकडा एका वर्षात बराच वर-खाली होऊ शकतो. मॅसेडोनियन यादीत चढले किंवा उतरले म्हणजे खरोखर काही घडलं असं नसतं, नमुन्यात कोण सापडलं एवढंच. पाच वर्षांचा एकत्रित आकडा नसेल तर मी त्या रकान्याकडे बघतही नाही.

---

साधाप्रश्न

व्हॉट्सॲपवाला यान कूम युक्रेनचा ना? मग युक्रेनी पुढे नाहीत का?

---

सोनसळी

@साधाप्रश्न, हो, कूम यांचा जन्म १९७६ चा, कीव्हचा. वाढले फास्तिवमध्ये, कुटुंब ज्यू. १९९२ मध्ये आईबरोबर कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला आले आणि सरकारी फूड स्टॅम्पवर दिवस काढले. २०१४ मध्ये फेसबुकबरोबरच्या १९ अब्ज डॉलरच्या कराराची कागदपत्रं त्यांनी, ज्या समाजकल्याण कार्यालयात पूर्वी रांगेत उभे राहायचे त्याच इमारतीच्या दाराशी जाऊन सही केली. मला ही गोष्ट फार भिडते. पण तिच्यातून समाजाची स्थिती कळत नाही. मॅसेडोनियन बाजूला 'लिटल सीझर्स' पिझ्झाचे माइक इलिच आहेतच. त्यांचे आईवडील आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या बितोला भागातले, ते स्वतः जन्मले डेट्रॉइटमध्ये. दोघांनाही बाजूला ठेवलं तरी उत्पन्नाच्या क्रमातल्या मधल्या घराचं उत्पन्न तसूभरही हलत नाही.

@बाभूळवन, मोजणीबद्दल १०० टक्के सहमत. अल्बेनियन भाषकांचा मुद्दा लिहायला हवा तितका कुणी लिहीत नाही.

---

वोलोंगाँगकर

उशिरा आलो, पण ऑस्ट्रेलियाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे सगळं उलटं आहे. अमेरिकेत मॅसेडोनियन म्हणजे मूठभर, ऑस्ट्रेलियात मात्र मॅसेडोनियन मूळ सांगणारे एक लाखावर. १९२४ मध्ये अमेरिकेने कोटा लावून दरवाजा लोटला तेव्हा बरेच जण पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे वळले. खरी गर्दी झाली ती १९६० आणि ७० च्या दशकांत, युगोस्लाव्हियाने (मॅसेडोनिया तेव्हा त्यातच होता) सीमा उघडल्यावर. बितोला, ओह्रिड, प्रेस्पा या भागांतली माणसं मेलबर्नच्या उत्तरेकडच्या थॉमस्टाउन-लेलोरला, सिडनीत रॉकडेलला आणि आमच्याकडे पोर्ट केम्बलाला आली.

पोर्ट केम्बला म्हणजे पोलादाचा कारखाना. पुरुषाला उतरल्याच्या आठवड्यात काम मिळायचं. इंग्रजी लागायचं नाही, कारण भट्टीवरचा मुकादम आणि शेजारचा मजूर दोघेही गाववाले. ओव्हरटाइम धरून पगार चांगला, घर घ्यायचं तर चारजण मिळून आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. इथल्या मॅसेडोनियन लोकांची आजची स्थिती त्या दहा-पंधरा वर्षांनी ठरवली.

पण ही सगळी कमाई पुरुषांच्या नावावर होती. बायकांना कारखाना घेतच नव्हता. अर्ज केला की वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी, आणि या गावात दुसरं काम जवळपास नाही. मग बायका पहाटे बसने सिडनीला शिवणकामाच्या कारखान्यात जायच्या नाहीतर घरी मशीन आणून नगावर शिवायच्या. १९८० मध्ये ३४ बायकांनी, त्यात मॅसेडोनियन बऱ्याच होत्या, हा कारखाना चालवणाऱ्या, बीएचपी या बड्या कंपनीच्या उपकंपनीविरुद्ध भेदभावाची तक्रार केली. कंपनीने घेतल्यासारखं केलं आणि १९८२-८३ च्या मंदीत 'शेवटी आला तो आधी जाईल' या नियमाने त्यांना कमी केलं. बायकांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही शेवटी आलो कारण तुम्ही आम्हाला दारात थांबवून ठेवलंत. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (इथलं ते सर्वोच्च न्यायालय) हे मान्य केलं. वरवर सगळ्यांना सारखा असलेला नियमही भेदभाव ठरू शकतो, हे त्या निकालाने इथल्या कायद्यात पक्कं बसलं.

हे एवढं लांबण लावून लिहिलं कारण 'कुटुंबाचं उत्पन्न' या आकड्यात घरात कमावणारे किती आणि कोण, हे दडलेलं असतं. इथे एका पिढीतल्या बायकांना त्यांच्या लायकीचा पगारच मिळाला नाही, त्यामुळे आज म्हातारपणी त्यांची पेन्शनची पुंजी पुरुषांच्या पुंजीपुढे काहीच नाही. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, आणि हातात रोकड नाही. अशा आज्या माझ्या गल्लीत आहेत. आकड्यात त्या एकाच वेळी 'गरीब' आणि 'श्रीमंत' दोन्ही दिसतात.

---

दर्यावर्दी

वोलोंगाँगकर, जबरदस्त प्रतिसाद. ही सगळी पद्धत वाचताना गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या कोकणी गावकऱ्यांच्या खोल्या डोळ्यांपुढे आल्या. एका गावाचे चाकरमानी एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, गावाच्या मंडळात वर्गणी भरायची आणि गावी मनीऑर्डर. टोरांटोतल्या मॅसेडोनियन लोकांनीही गावागावांची मदत मंडळं काढली होती, आजारपण आणि मर्तिकासाठी. मंडळ असलेल्या माणसाला सावकाराकडे जावं लागत नाही, हा फरक कुठल्याच उत्पन्नाच्या आकड्यात येत नाही.

अवांतर: युक्रेनी लोकांच्या अशा संस्था होत्या का?

---

सोनसळी

@दर्यावर्दी, होत्या, आणि फार मोठ्या. १८९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगारांनी शामोकिन गावात युक्रेनियन नॅशनल असोसिएशन काढली, मुळात विम्यासाठी. खाणीत माणूस गेला तर बायकोच्या हातात काहीतरी पडावं म्हणून. महायुद्धानंतर आलेल्या लाटेने शिकागो, न्यूयॉर्क, टोरांटो इथे पतपेढ्या उभ्या केल्या. छावणीतून आलेल्या वकिलाला बँक दारात उभी करत नव्हती, पतपेढी मात्र चर्चमधल्या ओळखीवर घरासाठी कर्ज द्यायची. त्यातल्या कित्येक आजही जोरात चालू आहेत आणि २०२२ नंतर आलेल्यांची पहिली खाती तिथेच उघडली गेली.

युक्रेनी लोकांच्या वाट्याला एक गोष्ट आली जी मॅसेडोनियन लोकांच्या वाट्याला तितक्या प्रमाणात आली नाही. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाचे प्रजाजन, म्हणून कॅनडाने त्यांना शत्रू देशाचे ठरवलं. ८,५७९ माणसं स्थानबद्ध केली, त्यातले बहुसंख्य युक्रेनी, आणि सुमारे ८०,००० जणांना पोलिसांकडे हजेरी लावायला लागायची. काही छावण्या तर १९२० पर्यंत चालू होत्या. कामाची वर्षं गेली, साठवलेला पैसा जप्त झाला. 'जमिनीवर आले' असं मी वर लिहिलं, त्याच्या शेजारी हेही वाचावं.

---

कावेरी_बर्लिन

युरोपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी इथे नव्याने आलेल्यांना जर्मन शिकवते.

४ मार्च २०२२ ला युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. युक्रेनमधून आलेल्या माणसाला आश्रयाच्या अर्जाशिवाय राहायचा आणि काम करायचा हक्क मिळाला. आज ४० लाखांवर लोक त्याखाली आहेत, सर्वाधिक जर्मनीत आणि पोलंडमध्ये. शिक्षण पाहाल तर यांच्यात पदवीधरांचं प्रमाण मोठं. उत्पन्न पाहाल तर कमी. लोक लगेच म्हणतात, भत्ता मिळतो म्हणून काम करत नाहीत. माझ्या वर्गात येऊन बसा आणि मग बोला.

१८ ते ६० वयाच्या पुरुषांना युद्धामुळे देश सोडायला बंदी होती, त्यामुळे जी घरं आली त्यांत कमावणारी एकटी आई. पाळणाघराची जागा मिळायला कित्येक महिने. जर्मनीचं धोरण सुरुवातीला आधी भाषा, मग नोकरी असं होतं. पोलंडमध्ये भत्ता तुटपुंजा आणि भाषा जवळची, म्हणून तिथे बाया लगेच कामाला लागल्या, पण साफसफाई, गोदाम, हॉटेल अशा कामांना. माझी एक विद्यार्थिनी खारकीव्हची भूलतज्ज्ञ. तिच्या पदव्या जर्मनीत मान्य व्हायला भाषेची वेगळी वैद्यकीय परीक्षा, मग ज्ञानाची परीक्षा. सध्या ती वृद्धाश्रमात मदतनीस आहे आणि रात्री मुलगा झोपला की औषधांची जर्मन नावं पाठ करते. तिच्या वहीत डावीकडे युक्रेनी, मधे लॅटिन, उजवीकडे जर्मन असे तीन रकाने आहेत. आकडेवारीत ती 'अकुशल कामगार' आहे.

याच्या शेजारी जर्मनीतल्या मॅसेडोनियन माणसाला ठेवा. १९६८ च्या युगोस्लाव्हियाबरोबरच्या कराराने आलेल्यांची आता तिसरी पिढी. नवे येतात ते २०१६ च्या पश्चिम बाल्कन नियमाखाली, हातात नोकरीचा करार घेऊन, नाहीतर बल्गेरियाचा पासपोर्ट काढून. करार हातात असलेला माणूस पहिल्या दिवसापासून पगार घेतो. तो बांधकामावर असेल, पण रोजगाराच्या तक्त्यात भूलतज्ज्ञ बाईच्या वर दिसतो. म्हणून सोनसळीताईंचं 'लाटेची लाटेशी' मला पटतं.

---

प्राजक्ता_पुणे

इटलीतल्या युक्रेनी बायकाही यात यायला हव्यात. युद्धाच्या कितीतरी आधी, २००० च्या आसपासपासून, तेर्नोपिल, इवानो-फ्रांकिव्स्क, चेर्निवत्सी भागांतल्या हजारो बायका इटालियन म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेल्या. तिथल्या युक्रेनी समाजात बायकाच बहुसंख्य. कागदावर त्यांचं उत्पन्न कमी, पण त्यावर गावात घर बांधलं, मुलांची कॉलेजं झाली. रविवारी सुट्टी असायची तेव्हा शहराबाहेरच्या मैदानात मिनीबस उभ्या राहायच्या आणि त्यांतून ऑलिव्ह तेल, कपडे, औषधं, पाकिटात पैसे घरी जायचे. २०२१ मध्ये युक्रेनला परदेशातून आलेला पैसा सुमारे १८ अब्ज डॉलर होता, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास नऊ टक्के. स्थलांतरिताची सुस्थिती मोजताना त्याच्या पगारातून हे वजा करायचं की त्यात जमा धरायचं?

---

बाभूळवन

थोडा विरोध नोंदवतो. 'लाटेची लाटेशी' म्हणणं योग्य, पण त्याने मूळ प्रश्न टळतो. एकाच काळात, एकाच शहरात आलेले दोन्हीकडचे लोक असतीलच. त्यांच्यात काय दिसतं ते सांगा.

---

सोनसळी

रास्त मागणी. टोरांटोपुरतं, मला दिसतं ते सांगते.

१९५० च्या आसपास छावणीतून आलेला युक्रेनी आणि ग्रीक यादवीनंतर किंवा पुढे साठच्या दशकात आलेला मॅसेडोनियन, अशी जोडी घ्या. युक्रेनी माणूस शिकलेला, पण पहिली वर्षं जंगलतोड किंवा खाणीच्या करारावर गेली. मॅसेडोनियन माणूस चौथी-पाचवी शिकलेला, पण आल्या आल्या काकाच्या रेस्टॉरंटमध्ये कामाला. पहिल्या पिढीत पैसा मॅसेडोनियन घरात आधी दिसला. दुसऱ्या पिढीत युक्रेनी घरांतली मुलं वकिली, अध्यापन, सरकारी नोकरी यांत लवकर गेली, कारण घरात पुस्तकं होती आणि शनिवारची युक्रेनी शाळा चुकवता येत नव्हती. तिसऱ्या पिढीपर्यंत मला तरी दोन्हीकडच्या करपत्रांत काही मोठा फरक दिसत नाही.

फरक दिसतो तो साठवण कुठे आहे त्यात. माझ्या शेजारी एक मॅसेडोनियन आजोबा आहेत. सप्टेंबरमध्ये त्यांच्या गॅरेजात लाल लांबट मिरच्यांची पोती येतात, तीन घरांची माणसं मिळून त्या भाजतात, सोलतात आणि वर्षाचं आयवार (मिरच्यांची चटणी) भरून ठेवतात. ती तिन्ही घरं सत्तरच्या दशकात एकाच रस्त्यावर घेतलेली, एकमेकांना पैसे देऊन, आणि सगळ्यांच्या तळघरात दुसरं स्वयंपाकघर आहे जिथे आधी गावाकडून आलेला पाहुणा राहायचा आणि आता भाडेकरू राहतो. टोरांटोतल्या घरांच्या किमती मधल्या काळात कुठे गेल्या ते आपण सगळे जाणतो. आजोबांचं वार्षिक उत्पन्न विचाराल तर ते निम्न गटात बसतात.

सरळ उत्तर हवं असेल तर माझं मत: जुने मॅसेडोनियन आणि जुने युक्रेनी, दोघेही भक्कम. मॅसेडोनियन लोकांची भिस्त घरावर आणि नातेवाइकांवर, युक्रेनी लोकांची जमीन, शिक्षण आणि पतपेढ्यांवर. आजच्या घडीला एकूण युक्रेनी समाज जास्त अडचणीत आहे, कारण त्यातला मोठा हिस्सा २०२२ नंतर एका बॅगेनिशी आला.

---

साधाप्रश्न

आणि कॅनडात २०२२ नंतर आले त्यांचं पुढे काय? त्यांना घरं वगैरे घेता येतील का कधी?

---

सोनसळी

@साधाप्रश्न, माझ्यासमोर बसणाऱ्यांची आज हीच सगळ्यात मोठी काळजी आहे.

कॅनडाने त्यांच्यासाठी खास योजना काढली, तिच्यावर मार्च २०२४ पर्यंत जवळपास तीन लाख लोक आले. कुठेही काम करायचा परवाना मिळाला, पण साधारण तीन वर्षांचा. म्हणजे मुदत संपत येते आहे. ज्यांचे जवळचे नातेवाईक इथले नागरिक किंवा कायम रहिवासी होते त्यांच्यासाठी कायमच्या वास्तव्याचा वेगळा मार्ग होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. बाकीच्यांना नेहमीच्या रांगेत उभं राहायचं: वय, भाषा, शिक्षण, अनुभवाचे गुण. पन्नाशीतल्या हिशेबनीस बाईला त्यात गुण कुठून मिळणार?

परवाना वर्षभरात संपणार असेल तर घराचं कर्ज मिळणं कठीण, मालक पदोन्नती द्यायला कचरतो, व्यवसायाच्या परवान्यासाठी लागणारी फी भरायची हिंमत होत नाही. १८९१ नंतर आलेल्यांना १० डॉलरात जमीन मिळाली, छावणीतून आलेल्यांना करार संपला की मोकळं रान मिळालं, पोर्ट केम्बलाच्या मजुराला पहिल्या दिवसापासून कायमचं वास्तव्य. यांच्या पहिल्या दहा वर्षांतली तीन-चार तर मुदतवाढीची वाट पाहण्यातच गेली.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एवढं जरूर सांगा: परवान्याची तारीख उलटण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेला पाहिजे. तो वेळेत गेला तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. तारीख उलटल्यावर केला तर काम त्या दिवशी थांबतं. अर्ज दाखल झाल्याची पावती छापून नोकरीच्या ठिकाणी द्यायची, कारण बऱ्याच मालकांना हा नियम ठाऊक नसतो आणि ते भीतीपोटी माणसाला घरी बसवतात.